तिसरा वार म्हणजे कोणता

माझ्या विदमांतास काकांच्या कारखान्यात तारीख लिहायला मनाई होती. काही वर्षांपूर्वी एका परदेशी गिऱ्हाइकाने ऑर्डरवर ५/६ असं लिहून पाठवलं होतं. काकांनी ते सहा मे वाचलं, गिऱ्हाइकाने पाच जून लिहिलं होतं, आणि आमच्या बारा तीनचाकी सायकली महिनाभर एका अनोळखी बंदरात पावसात उभ्या राहिल्या. तेव्हापासून आमच्या ऑर्डरच्या फॉर्मवर तारखेच्या जागी दोनच चौकटी होत्या: वर्षातला कितवा आठवडा आणि आठवड्यातला कितवा वार.

“आकड्यांत गैरसमज होत नाही,” काका म्हणायचे. लिथुआनियाच्या माणसाला हे लगेच पटतं. आमच्या भाषेत वारांना वेगळी नावं नाहीतच. सोमवारला आम्ही पहिला वार म्हणतो, मंगळवारला दुसरा, आणि असं करत रविवार सातवा.

मी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन आमच्या केदाइनियाय गावी परत आले, तेव्हा काकांनी मला एकाच कामासाठी ठेवलं. विजेच्या सायकलींच्या मोटरी देणारा विश्वासू पुरवठादार युरोपात शोधायचा. जिल्ह्याच्या आरोग्य केंद्राला घरोघर फिरणाऱ्या नर्ससाठी विजेवर चालणाऱ्या चोवीस तीनचाकी हव्या होत्या. त्यांच्या दोन अटी होत्या. मोटर युरोपात बनलेली असावी, आणि पुरवठादार विश्वासू आहे असं तपासणाऱ्याने सही करून द्यावं. तपासणारी मी. ही ऑर्डर हातची गेली तर कारखाना पुन्हा काकड्यांच्या काचघरांचे सांगाडे बनवायला लागणार होता. आमचं गाव काकड्यांसाठी प्रसिद्ध आहे. काकांनी वीस वर्षं ते सांगाडे बनवले होते आणि काकडी दिसली तरी त्यांचा चेहरा उतरायचा.

माझ्याआधी तीन पुरवठादार होऊन गेले होते. पहिल्याची वेबसाइट पाच भाषांत होती. त्याच्या कारखान्याच्या पत्त्यावर कुत्र्यांचे केस कापायचं दुकान निघालं. तिथल्या बाईंनी फोनवर फार नम्रपणे सांगितलं, की मोटरीची चौकशी करणारे तुम्ही या महिन्यातले नववे. दुसऱ्याने मोटरी वेळेवर पाठवल्या, पण सगळ्या उलट्या फिरणाऱ्या. तिसऱ्याने प्रमाणपत्रं पाठवली. नुसती प्रमाणपत्रं, बावीस, एकाहून एक देखणी.

चौथी कंपनी मी शोधली. पोर्तुगालमध्ये, अगेदाजवळ, जिथे घरटी एक माणूस सायकलीचं काहीतरी बनवतो. मालाच्या रवानगीचं काम तिथे दोना ग्रासिएत नावाच्या बाई बघायच्या. त्यांना पोर्तुगीज सोडून काही येत नव्हतं आणि आम्हाला पोर्तुगीज सोडून बरंच काही येत होतं. आमच्यात भाषा नव्हती, आकडे होते. मोटरचा नंबर, नग किती, आठवडा, वार, किती वाजता. काकांना असा व्यवहार फार आवडला.

पहिली चाचणीची खेप मी मागवली आठव्या आठवड्यात, वार तीन, सकाळी दहा. मंगळवारी दहाच्या ठोक्याला फाटकासमोर एक टेम्पो येऊन थांबला. साडेतीन हजार किलोमीटर आणि दहाचा ठोका. मी पळत काकांच्या खोलीत गेले.

“काका, मोटरी आल्या!”

“आज कितवा वार?”

“दुसरा.”

“फॉर्मवर काय लिहिलंय?”

“तिसरा.”

“मग नाही आल्या,” काका म्हणाले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

यात नुसता हट्ट नव्हता. पेट्या उतरवायला लागणारी फोर्कलिफ्ट शेजारच्या लोणच्याच्या कारखान्याची होती आणि ती फॉर्मवर लिहिलेल्या वारालाच यायची. पण हट्टही होताच. टेम्पोतून उतरलेला अदेरितो हा पन्नाशीचा, टापटीप कपड्यांतला माणूस होता. मी त्याला बोटांनी आणि मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, की उद्या. त्याने खांदे उडवले, टेम्पोतून खुर्ची काढली आणि अंगणातल्या बर्फात मांडून बसला. संध्याकाळपर्यंत त्याने आमच्या फाटकाच्या बिजागऱ्यांना तेल घातलं होतं. बुधवारी दहा वाजता काका बाहेर आले, त्याच्याशी हात मिळवला आणि म्हणाले, “या, या! अगदी वेळेवर आलात.”

मोटरी उत्तम निघाल्या. मी त्या बाकावर बांधून रात्रंदिवस पळवल्या, ओल्या केल्या, गोठवल्या, शेवटी जाळल्या. कागदावर लिहिल्यापेक्षा जास्त टिकल्या.

दुसरी खेप शुक्रवारची, वार पाच. टेम्पो गुरुवारी दहाला हजर.

“हा माणूस काहीतरी लपवतोय,” काका म्हणाले. “उशिरा येणाऱ्याची कारणं असतात. आई आजारी, रस्ता बंद, टायर फुटलं. लवकर येणाऱ्याला काय कारण असणार? चोरीचा माल असेल. चोराला घाई असते.”

“चोर पावती देत नाहीत, काका.”

“चांगले चोर देतात.”

तिसरी खेप मी मुद्दाम सोमवारची मागवली. वार एक. म्हटलं, बघू या आता काय करतो. तो रविवारी आला.

काका तेव्हा घरामागच्या वाफेच्या न्हाणीत होते. घर कारखान्याला लागूनच आहे. हॉर्न ऐकून ते टॉवेल गुंडाळून तसेच फाटकावर आले, हातात अंगावर मारायच्या बर्चच्या डहाळ्यांची जुडी. समोर अदेरितो, कोट, टाय, चकचकीत बूट.

“रविवारी?” काका ओरडले.

“रविवारी?” अदेरितोही त्याच क्षणी ओरडला.

पुढचं तो त्याच्या खिचडी भाषेत बोलला. एव्हाना त्यात आमचे शब्दही आले होते. “मालक, माझ्या नातीचं बारसं सोडून आलोय मी. रविवारी माल मागवणारी माणसं आयुष्यात पहिल्यांदा बघतोय. आणि आलो तर तुम्ही उघडे! दोना ग्रासिएत म्हणाल्याच होत्या, ही माणसं युरोपात सगळ्यात शेवटी ख्रिस्ती झालीत, अजून अंगवळणी पडलं नसेल.”

“आम्ही कुठे मागवला रविवारी? तूच आलास!”

“आलो म्हणजे? बोलावलंत म्हणून आलो!”

“उद्या ये.”

“हे बघा! हे असं!” अदेरितो माझ्याकडे वळला. “पोरी, तूच सांग. दर वेळी बोलावतात, दर वेळी एक दिवस दाराबाहेर बसवतात. दोना ग्रासिएत विचारतात, ही तुमच्याकडची रीत आहे की आमच्यावर राग आहे? रीत असेल तर ठीक. राग असेल तर आणखी एकदाच पाठवीन म्हणाल्यात. मग नाव कापणार तुमचं.”

मी त्याच्यासाठी चहा आणला आणि माझ्या टेबलाशी जाऊन बसले. आम्ही त्यांच्या विश्वासार्हतेचा तक्ता करत होतो आणि ते आमच्या. दोन्ही तक्त्यांत दोघं नापास.

चौथी खेप बुधवारची होती, ती मंगळवारी आली. माझ्या वहीतला फरकाचा रकाना असा दिसत होता: उणे एक, उणे एक, उणे एक, उणे एक. सरासरी उणे एक, विचलन शून्य. प्रयोगशाळेत मला कधी असा आकडा मिळाला असता तर मी उपकरण तपासायला घेतलं असतं. निसर्ग इतका शिस्तीत वागत नाही. इतकी शिस्त फक्त चुकीला असते.

म्हणून मी उपकरण तपासायला घेतलं. पोर्तुगालचं घड्याळ आमच्या दोन तास मागे असतं, पण त्याने माणूस उशिरा येईल, लवकर नाही. टेम्पोच्या वेगाची नोंद अदेरितोकडून मागून घेतली. तो इतका सावकाश चालवत होता की पोलंडमध्ये एकदा त्याला त्याबद्दल दंड झाला होता. लीप वर्षाचा काही संबंध आहे का हेही बघितलं. नव्हता. शेवटी अदेरितोच डबा घेऊन अंगणात आला आणि काकांशेजारी जेवायला बसला. एप्रिल संपत आला होता, ऊन होतं, आणि काका बीटचं गार गुलाबी सूप पीत होते. दोघं आता भांडत नव्हते. पण काकांनी टोमणा मारलाच.

“आलास ना पुन्हा दुसऱ्या वारी!”

“दुसऱ्या नाही, तिसऱ्या,” अदेरितो तोंडात घास असताना म्हणाला. त्याने तीन बोटं वर केली.

काकांनी दोन बोटं वर केली. “दुसरा.”

“तिसरा!”

“अरे, काल पहिला होता. आज दुसरा.”

“काल दुसरा होता, मालक.”

मी चमचा खाली ठेवला. “अदेरितो, उद्या कितवा?”

“चौथा.”

“शनिवारी?”

“शनिवार. त्याला आकडा नाही.”

“आणि रविवार?”

“तो देवाचा वार. त्यालाही आकडा नाही.” मग त्याला माझी दया आली असावी. “पोरी, पहिला वार देवाचा. मग दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, सहावा. लहान मुलांनाही माहीत असतं.”

काकांनी आपल्या दोन बोटांकडे बघितलं. “म्हणजे हे आठवड्याची सुरुवात सुट्टीने करतात,” ते हळूच म्हणाले. “काम व्हायच्या आधीच विश्रांती!”

“तुम्ही देवाला शेवटी बसवता,” अदेरितो म्हणाला, “आणि आम्हाला बोलता?”

एवढं कळल्यावर सगळं सोपं व्हायला हवं होतं. आरोग्य केंद्राची माणसं विसाव्या आठवड्यात गुरुवारी अकरा वाजता चार तीनचाकी चालवून बघायला येणार होती. आधीच्या खेपांतल्या मोटरी चाचण्यांत संपल्या होत्या, नव्या बुधवारी हव्या होत्या. मी कोणालाही न दुखावता आमची चूक आमच्याच बाजूने निस्तरायचं ठरवलं. फॉर्मवर पोर्तुगीज हिशेबाने बुधवार, म्हणजे वार चार, लिहिला आणि पाठवून दिला. मनात म्हटलं, समजूतदारपणा याला म्हणतात.

बुधवारी दहाला फोर्कलिफ्ट आली. अकराला परत गेली. काका फाटकाशी उभे. बारा वाजता ते रस्त्यावर जाऊन आले. दोन वाजता म्हणाले, “त्याची आई आजारी नसेल ना?”

“त्याची आई नाहीये, काका. त्यानेच सांगितलंय.”

“मग टायर फुटलं असेल. फोन लाव.”

फोन लागला नाही. रस्त्यात असला की अदेरितो फोन बंद ठेवून डब्यात घालतो, बॅटरी वाचते म्हणून.

गुरुवारी दहाच्या ठोक्याला टेम्पो आला. अदेरितो हसत उतरला आणि त्याने चार बोटं वर केली. “चौथा वार! तुमचा चौथा! दोना ग्रासिएत म्हणाल्या, गिऱ्हाइकाच्या देवाचा मान आपण राखायचा. आता आम्ही तुमच्यासारखे मोजतो.”

त्यांच्याही मनात तेच आलं होतं. त्यांनीही कोणाला न दुखावता, न सांगता दुरुस्ती केली होती. दोन दुरुस्त्यांनी मिळून उणे एकचा अधिक एक झाला होता.

“उशिरा आला!” काका म्हणाले आणि त्यांनी अदेरितोला मिठीच मारली. “म्हणजे चोर नाही!”

एका तासात आम्ही एक मोटर बसवू शकलो. अकराला दांग्वोले सिस्टर आल्या. जिल्ह्यातल्या घरोघरच्या नर्सपैकी सगळ्यात जुन्या, दिवसाला चौदा घरं, गुडघा सुजलेला. केंद्राने तपासायला त्यांनाच पाठवलं होतं. त्या एकुलत्या एका चालत्या तीनचाकीवर बसून लोणच्याच्या कारखान्याला वळसा घालून आल्या.

“गाडी झकास आहे. बाकीच्या तीन?”

“मोटरी आत्ताच उतरल्या, सिस्टर,” काका म्हणाले. “एक दिवस उशीर झाला.”

सिस्टरनी केंद्राचा फॉर्म माझ्यासमोर धरला. “पुरवठादार विश्वासू आहे का? असेल तर इथे सही कर.”

मला खोटं लिहिता आलं नाही. “पाच खेपांत एकदाही ठरलेल्या दिवशी आलेला नाही,” मी म्हणाले.

काकांनी डोळे मिटले.

“किती चुकतो?” सिस्टरनी विचारलं.

“एक दिवस. बरोबर एक. चारदा अलीकडे, एकदा पलीकडे. तास मात्र कधीच चुकत नाही.”

“माझा एक पेशंट आहे. त्याला दर तिसऱ्या दिवशी दुपारी चारला ताप चढतो. मी पावणेचारला पोचते. भरवसा कोणाचा नसतो सांगू? एकदा ताप येतो, एकदा नाही, अशांचा.” त्यांनी फॉर्म घडी करून पिशवीत घातला. “चोवीसच्या चोवीस मोटरी बाविसाव्या आठवड्यात, शुक्रवारपर्यंत इथे दिसल्या पाहिजेत. मी बघायला येईन. तेव्हा सही कर. नाही दिसल्या तर ऑर्डर दुसरीकडे. आणि जरा तारीख लिहीत जा बरं.”

“तारखेत गैरसमज होतो,” काका म्हणाले.

आता माझ्यासमोर प्रश्न होता तो असा. वार चार म्हणजे कोणाचा चार? मी आमच्यासारखं लिहिलं, त्यांच्यासारखं लिहिलं, तरी ते ते कोणासारखं वाचणार हे ते मी कोणासारखं लिहिलं असेल असं त्यांना वाटेल यावर ठरणार होतं. हे वाक्य मी वहीत लिहून बघितलं आणि आकडे सोडून द्यायचं ठरवलं. आकडा नको, शब्दही नको. मग मला ग्रह आठवले. उरलेल्या युरोपात बऱ्याच भाषांत वारांना ग्रहांची नावं आहेत. सोमवार चंद्राचा, मंगळवार मंगळाचा, शुक्रवार शुक्राचा. आणि ग्रहांची चिन्हं जगात सगळीकडे एकच. मी फॉर्म छापला आणि वाराच्या चौकटीत हाताने शुक्राचं चिन्ह काढलं: एक गोल आणि त्याखाली अधिकची खूण.

“यात गैरसमजाला जागाच नाही,” मी काकांना म्हणाले.

काकांनी कागद उलटासुलटा करून बघितला. “यात कशालाच जागा नाही,” ते म्हणाले, पण पाठवू दिला.

पुढे काय झालं ते मला बाविसाव्या आठवड्याच्या आधीच्या रविवारी कळलं. काकांनी घरून फोन केला. “लवकर ये. टेम्पो आलाय. आणि त्यात एक बाई आहेत.”

मी पोचले तेव्हा अदेरितो नेहमीची खुर्ची मांडत होता, पण या वेळी दुसऱ्यासाठी. खुर्चीवर साठीच्या एक बाई बसल्या. तपकिरी कोट, मांडीवर पर्स, प्रवासाने सुजलेले पाय. त्यांनी पर्समधून माझा फॉर्म काढला आणि त्या चिन्हावर बोट ठेवलं. मग स्वतःच्या छातीवर ठेवलं.

“या दोना ग्रासिएत,” अदेरितो म्हणाला. “तुम्ही वाराच्या जागी बाईची खूण काढलीत, म्हणजे बाई मागितलीत. आमच्या रवानगी खात्यात बाई या एकट्याच. त्या म्हणाल्या, एवढ्या लांबून बाई मागवतायत म्हणजे काहीतरी मोठं कारण असणार. मलाच गेलं पाहिजे.”

“आणि वार?” मी विचारलं.

“वार कुठे लिहिला होतास? आठवडा तेवढा होता. म्हणून आठवडा लागल्या लागल्या आलो. तुमचा जो कुठला वार असेल, तो येईपर्यंत इथे बसू. सवय आहे.”

पोर्तुगालमध्ये शुक्रवार सहावा आणि लिथुआनियात पाचवा. ज्या देशांना वारांत ग्रह माहीत नाहीत, नेमक्या तशाच दोन देशांमध्ये मी ग्रह पाठवला होता.

काका घरातून आले. कपडे घालून आले होते. त्यांनी टेम्पोकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“आज कितवा वार?”

“आपला सातवा. त्यांचा पहिला.”

“आणि फॉर्मवर?”

“फॉर्मवर शुक्र आहे, काका.”

“फोर्कलिफ्ट?”

“शुक्रवारी.”

मला वाटलं, काका आता जाऊन खिडकी लावून घेतात. त्याऐवजी त्यांनी बाह्या सारल्या, टेम्पोत चढले आणि पहिली पेटी स्वतः उचलली. ती त्यांच्या हातून माझ्या हातात, माझ्याकडून अदेरितोकडे, तिथून दारात. अर्ध्या तासाने काकांनी कामगारांना फोन केले. रविवारचे कपडे घालून सात जण आले. दोना ग्रासिएत खुर्चीवरून पेट्या मोजत होत्या, त्यांच्या भाषेत, मोठ्याने. त्यांचा आणि माझा आकडा पहिल्यांदाच जुळला. चोवीस.

त्या रविवारीच सहा मोटरी बसल्या. मी वही काढली. फरकाच्या रकान्यात काय लिहायचं ते मला ठरवता येईना. शुक्रवार धरला तर उणे पाच. वार लिहिलाच नाही असं धरलं तर फरक काढताच येत नाही. मी रकाना तसाच सोडला. आरोग्य केंद्राच्या कागदाची एक प्रत माझ्याकडे होती. त्यावर जिथे पुरवठादार विश्वासू आहे असं छापलं होतं, तिथे सही केली. सिस्टरना शुक्रवारी दाखवायची होती, पण मला थांबवेना.

संध्याकाळी काकांच्या घरी बटाट्याचे गोळे आणि अदेरितोचा खारा मासा असं जेवण झालं. जेवण उरकल्यावर दोना ग्रासिएतनी हात पुसले, पर्स उघडली, पुन्हा तो फॉर्म काढला आणि मला काहीतरी विचारलं.

“त्या म्हणतात,” अदेरितो म्हणाला, “आता सांगा, बाई कशाला हवी होती?”

मी खरं सांगायचं ठरवलं. कागद घेतला, मधोमध सूर्य काढला, त्याभोवती दोन वर्तुळं. बाई लक्ष देऊन बघत होत्या. मी दुसऱ्या वर्तुळावर शुक्र ठेवणार एवढ्यात काकांनी कपाट उघडलं आणि मोटरींच्या पुरवठ्याचा तीन वर्षांचा करार काढून त्यांच्यासमोर ठेवला. तो मार्चपासून तिथे पडला होता. काकांची सही त्यावर नव्हती. ती त्यांनी तिथेच, उभ्याउभ्या केली.

“सही करायला,” काका म्हणाले.

अदेरितोने ते सांगितलं. बाई बराच वेळ बोलल्या.

“काय म्हणतात?” काकांनी विचारलं.

“म्हणतात, साध्या सहीसाठी माणूस साडेतीन हजार किलोमीटर लांबून समोर बोलावून घेतात, फार सावध माणसं आहेत. यांच्याशी व्यवहार करायला हरकत नाही.”

मी माझा कागद उलटा केला. दोना ग्रासिएतनी पेन मागितलं.